ई-मेल पाठविला, पण पोचला का?

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका सहशिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्यात शिक्षक बोलावयास उभा राहिला की तो शिक्षणाचे महत्त्व सांगणार, हे आपण धरूनच चालता. आज मी ते सांगणार नाही. खाडीपलीकडून, दोन-दोन एस.टी. बदलून आपण मुलांना या शाळेत पाठविता, त्याअर्थी ते महत्त्व आपणांस माझ्याइतकेच कळलेले आहे. माझा विषय वरवर पाहता अगदी कारकुनी वाटेल. एकाच वेळी शेकडो लोकांना पाठविलेले ई-मेल परत का येतात, आणि कधी कधी परतही न येता मध्येच गडप का होतात, हा तो विषय. व्यापारी मंडळी जाहिरातीसाठी असे ई-मेल पाठवितात, आपली संस्था मदतीच्या आवाहनासाठी पाठविते. यंत्राला त्यातला फरक कळत नाही. हा विषय मी का निवडला, हे सांगण्यासाठी आधी एक चूक कबूल करावी लागेल. त्या चुकीत माझाही वाटा आहे.

२०२३ च्या जून महिन्यात संस्थेने शिष्यवृत्ती निधीसाठी माजी विद्यार्थ्यांना आवाहन पाठविले. कुवेत, बहरीन, दुबई, मुंबई, मुंब्रा असे ठिकठिकाणचे सहाशेहून अधिक पत्ते यादीत होते. त्यात कुवेतला असलेले आपले एक माजी विद्यार्थी होते. आदल्या मेळाव्यात याच व्यासपीठावरून त्यांनी दोन मुलींच्या अकरावी-बारावी विज्ञान शाखेचा खर्च उचलण्याचा शब्द दिला होता. त्यांना आठवण म्हणून वेगळे पत्र त्याच दिवशी, त्याच यंत्रावरून गेले. उत्तर आले नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा पाठविले, तरी नाही. मग शिक्षक-खोलीत जे बोलले जाते तेच बोलले गेले, "दिनारात पगार मिळू लागला की माणसे बदलतात." हे वाक्य मी स्वतःही उच्चारले, हे लपविण्यात अर्थ नाही. फोन करावा असे कोणी सुचविले, तर "शब्द दिलेल्या माणसाकडे किती वेळा हात पसरायचा?" असे म्हणून आम्ही गप्प बसलो.

त्या दोघींपैकी एकीच्या वडिलांनी वाट पाहून पाहून तिचा विज्ञान शाखेचा प्रवेश सोडला आणि जवळच्या महाविद्यालयात कला शाखेत नाव घातले. कला शाखा कमी प्रतीची, असे मी म्हणणार नाही, मी स्वतः बी.ए. आहे. परंतु त्या मुलीला औषधनिर्माणशास्त्र शिकावयाचे होते, आणि ती वाट तेथे बंद झाली.

डिसेंबरात ते गृहस्थ रजेवर आले आणि थेट शाळेत येऊन म्हणाले, "सर, मी वाट पाहत होतो. संस्थेने एका शब्दानेही मला विचारले नाही!" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. नंतर शोध घेता असे दिसले की, संस्थेच्या संकेतस्थळाबरोबर एक टपालपेटी आपोआप तयार झालेली होती, जी कोणी कधी उघडलीच नव्हती. त्या पेटीत चारशेहून अधिक परत आलेली पत्रे पडून होती. त्यांच्या नावची दोन्ही पत्रे त्यात होती. पत्र का घेतले नाही, याचे कारणही त्यावर लिहिलेले होते. जूनपासून ते उत्तर आमच्याच घरात होते. आम्हीच ते वाचले नव्हते.

त्या चारशे पत्रांनी मला ही विद्या शिकविली. ती फार अवघड नाही. नववीच्या विद्यार्थ्याला समजेल इतकी सोपी आहे.

आपल्याकडे साधे टपाल कसे जाते ते आधी आठवा. पूर्वी एकाच नावाची गावे अनेक असत, पत्ते नाना लिप्यांत लिहिलेले असत, आणि छाटणी करणारा कर्मचारी गोंधळून जाई. म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडी पिनकोड आला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवीही होते, ही गोष्ट आमच्या भाषा-शिक्षकांना सुखविणारी आहे. पिनकोडवरून पत्र योग्य पोस्टात जाते आणि तेथून पोस्टमन ते घरी नेतो. घर बंद असेल तर तो दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो. माणूस गाव सोडून गेला असेल तर पाकिटावर 'लेफ्ट' असा शेरा मारतो, घेण्यास नकार दिला तर 'रिफ्यूज्ड', आणि पाकीट पाठविणाऱ्याकडे परत येते. या शेऱ्याकडे आपले आजोबा फार बारकाईने पाहत. आपण मात्र ई-मेलवरचा शेरा न वाचताच पुसून टाकतो.

ई-मेलचेही तसेच आहे. पत्त्यातील @ या चिन्हाच्या उजवीकडचा भाग हा पिनकोड समजा, डावीकडचा भाग घर आणि नाव. हे चिन्ह १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने संगणकाच्या पत्त्यात प्रथम वापरले. आपण 'पाठवा' हे बटण दाबले की आपल्या बाजूचा सर्व्हर आधी चौकशी करतो की, या उजवीकडच्या नावाचे टपाल कोणत्या यंत्राकडे द्यावयाचे? ते यंत्र सापडले की दोघांचा अक्षरशः संवाद सुरू होतो. हा म्हणतो, मी अमुक, पत्र अमक्याकडून आहे, तमक्याला द्यावयाचे आहे, घेता का? पलीकडचा प्रत्येक वाक्याला तीन आकडी अंकाने उत्तर देतो. २५० म्हणजे 'ठीक आहे'. चारने सुरू होणारा अंक म्हणजे 'आत्ता नाही, नंतर या'. पाचने सुरू होणारा म्हणजे 'नाही, पुन्हा येऊ नका'. या संवादाचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिले. त्यांत पुढे भर पडली, पण मूळ व्यवहार आजही तोच आहे.

पत्र परत आले की ते 'मेलर-डीमन' या नावाने येते. हे नाव पाहून एका पालकांनी मला काळजीने विचारले होते, "सर, हा कोण सैतान माझ्या मोबाइलमध्ये शिरला?" तसे काही नाही. पडद्याआड गुपचूप काम करीत राहणाऱ्या प्रोग्रॅमला संगणकवाले 'डीमन' म्हणतात. भौतिकशास्त्रात मॅक्सवेल या शास्त्रज्ञाच्या नावाने एक काल्पनिक राक्षस प्रसिद्ध आहे, त्याच्यावरून १९६० च्या दशकात अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेतील मंडळींनी हा शब्द घेतला.

आता आमच्या चारशे पत्रांकडे वळू. सर्वांत सोपा गठ्ठा होता ५५० आणि त्यापुढे ५.१.१ असा शेरा असलेल्या पत्रांचा. याचा अर्थ पोस्ट बरोबर आहे, पण या नावाचा माणूस येथे राहत नाही. यांतील बरेच पत्ते आखाती कंपन्यांचे होते. मुलगा नोकरीला लागला, कंपनीने ई-मेल दिला, त्याने तो अभिमानाने आमच्या नोंदवहीत लिहिला. पुढे नोकरी बदलली, कंपनीने पेटी बंद केली. पाठविणाऱ्याला हे कळणार कसे? ते त्या शेऱ्यावरूनच कळते.

याच गठ्ठ्यातील दुसरा भाग आपल्या समाजाच्या खास ओळखीचा आहे. 'मोहम्मद' हे एकच नाव आपण इंग्रजीत किती प्रकारांनी लिहितो ते पाहा. कोणी एम-ओ-एच-ए-एम-एम-ए-डी लिहितो, कोणी दुसऱ्या अक्षराला यू घालतो, कोणी शेवटी ई-डी करतो, तर कोणी नुसते एम-ओ-एच-डी लिहून मोकळा होतो. 'शेख' ए-आय ने की ई-आय ने? 'रफीक'च्या शेवटी क्यू की क्यू-यू-ई? बोलण्यात हे सारे सारखे, दाखल्यावरही खपून जाते (खरे तर तेथेही खपता कामा नये, पण तो विषय वेगळा). ई-मेलच्या पत्त्यात मात्र एक अक्षर इकडचे तिकडे झाले की पत्र परत येते. परत आले तर नशीबच समजा. कारण त्या चुकीच्या अक्षरांचा दुसरा कोणी शेख अस्तित्वात असेल, तर पत्र त्याला जाते, तो ते पुसतो आणि आपल्याला काहीच कळत नाही. चूक @ च्या उजवीकडेही होते. जीमेलच्या स्पेलिंगात ए आणि आय यांची अदलाबदल झालेले पत्ते आमच्या यादीत होते. अशी चुकीची नावेसुद्धा कोणी ना कोणी विकत घेऊन ठेवलेली असतात, म्हणून असे पत्र परत येईलच असेही नाही.

पालकांना येथे एक विनंती करतो. शिष्यवृत्तीचा किंवा प्रवेशाचा अर्ज भरताना आपण सायबर कॅफेत जातो आणि ई-मेलच्या रकान्यात काय लिहिले हे पाहतही नाही. पुष्कळदा तो कॅफेवालाच स्वतःचा पत्ता टाकून देतो. मग अर्जात त्रुटी निघाल्याचे पत्र त्याच्याकडे जाते, आणि त्याच्याकडे तशी शेकडो येत असतात. हे पत्र कधीच परत येणार नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने ते बरोबर पोचलेले आहे!

दुसरा गठ्ठा पेटी भरल्याचा. जीमेलमध्ये फुकट मिळणारी १५ जीबी जागा ही केवळ पत्रांसाठी नसते, ड्राइव्हमधील फाइली आणि फोटो हे सारे तीतच मोजले जातात. लग्नाचे व्हिडिओ आपोआप साठत राहतात, जागा संपते, आणि टपाल दारातून परत जाऊ लागते. असा शेरा कधी चारने सुरू होतो, कधी पाचने. चारने सुरू झाला तर पाठविणारा सर्व्हर स्वतःच काही तासांनी पुन्हा प्रयत्न करतो, आणि सर्वसाधारणपणे चार-पाच दिवस असे हेलपाटे घातल्यावर मग हार मानतो. म्हणून चारच्या शेऱ्याने घाबरू नये. काही सर्व्हर अनोळखी पाहुण्याला मुद्दामच पहिल्यांदा 'नंतर या' म्हणतात. प्रामाणिक सर्व्हर पुन्हा येतो, लबाड सहसा येत नाही, असा त्यांचा अनुभव. त्याचप्रमाणे, दोन वर्षे मुळीच न वापरलेली खाती गूगलने डिसेंबर २०२३ पासून बंद करावयास सुरुवात केली, हेही ध्यानात ठेवा. दहावीच्या अर्जासाठी काढलेले खाते पुन्हा उघडलेच नाही, तर बारावीनंतर ते असेलच याची शाश्वती नाही.

मोठ्या फाइलींबद्दल एवढेच सांगतो की, आम्ही पत्रासोबत संस्थेचा सचित्र अहवाल जोडला होता, तो १८ एमबीचा. ई-मेलमधून जाताना फाइल अक्षरांच्या रूपात बदलली जाते आणि सुमारे एक-तृतीयांशाने फुगते. म्हणजे १८ ची २४ झाली. अनेक कार्यालयांच्या सर्व्हरला एवढे ओझे चालत नाही. अहवाल संकेतस्थळावर ठेवून पत्रात त्याचा दुवा दिला असता तर काम भागले असते.

आता खरा गठ्ठा. ज्यात त्या कुवेतच्या गृहस्थांची पत्रे होती, तो. अंक ५५०, पुढे ५.७.२६, आणि इंग्रजी मजकुराचा आशय असा की, याहूकडून आल्याचे सांगणारे पण ओळख न पटलेले हे पत्र याहूच्या डीमार्क धोरणामुळे स्वीकारता येत नाही. त्यांचा पत्ता अचूक होता, पेटीत जागा होती, खाते रोज वापरात होते. अविश्वास त्यांच्यावर नव्हता, आमच्यावर होता! हे समजून घेण्यासारखे आहे, म्हणून येथे थोडा थांबतो.

१९८२ च्या त्या नियमांत एक उणीव होती. पत्र पाठविणारा जे नाव सांगेल ते मान्य केले जाई. त्या काळी जाळ्यावर विद्यापीठे आणि संशोधक एवढीच मंडळी. सारे एकमेकांना ओळखणारे. तरी त्याच्याही आधी, मे १९७८ मध्ये, गॅरी थर्क नावाच्या एका विक्री-अधिकाऱ्याने आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात सुमारे ४०० जणांना न विचारता पाठविली आणि लोकांचा रोष ओढवून घेतला. अनाहूत जाहिरात-टपालाची सुरुवात तेथून मानतात. पुढे असल्या टपालाला 'स्पॅम' हे नाव पडले. ते एका डबाबंद मांसाचे नाव आहे; इंग्लंडमधील एका विनोदी कार्यक्रमात त्याचा इतका घोष केला होता की तो शब्द 'नको असता वारंवार पुढ्यात येणारी वस्तू' या अर्थी रूढ झाला. (ते मांस डुकराचे असते. तेव्हा स्पॅमचा कंटाळा करण्यास आपल्याकडे एक जादा कारण आहे!) जाहिरातींच्या मागोमाग ठक आले. बँकेच्या नावाने, पोस्टाच्या नावाने खोटी पत्रे येऊ लागली. मग घरमालकांनी दाराला कड्या लावल्या. अशा तीन कड्या आहेत.

पहिलीचे नाव एसपीएफ. यात प्रत्येक डोमेनचा मालक एक जाहीर यादी लावून ठेवतो की, आमचे टपाल फक्त या या यंत्रांकडून निघते. पत्र घेणारा ती यादी पाहतो. दुसरी डीकिम. ही लाखेच्या मोहोरेसारखी आहे. पत्रावर गणिती मोहोर उठविलेली असते. ती खरी आहे का आणि वाटेत कोणी मजकूर बदलला का, हे घेणाऱ्याला पडताळता येते. तिसरी डीमार्क. पत्राच्या मथळ्यावर जे नाव छापलेले आहे, त्याच्याशी वरच्या यादीचा किंवा मोहोरेचा मेळ बसतो की नाही, हे ती पाहते. आणि मेळ बसला नाही तर काय करावे, पत्र घ्यावे, संशयिताच्या कप्प्यात टाकावे की दारातूनच परतवावे, हे डोमेनच्या मालकाने आधीच सांगून ठेवलेले असते. याहूने एप्रिल २०१४ पासून 'परतवावे' असे सांगून ठेवले आहे.

आम्ही काय केले होते? संस्थेचा जुना पत्ता याहूचा. तो सर्वांच्या ओळखीचा म्हणून मथळ्यावर तोच टाकला. पत्रे मात्र पाठविली संकेतस्थळाच्या सर्व्हरवरून, ज्याचा याहूशी काडीचाही संबंध नाही. म्हणजे एका शाळेच्या छापील कागदावर दुसऱ्याच माणसाने सही करून पत्र धाडावे, तसे झाले. आमचा हेतू शुद्ध होता, पण दारावरच्या पहारेकऱ्याला हेतू दिसत नाही, कागद दिसतात. त्याने परत पाठविले ते योग्यच केले. उद्या कोणी आपल्या संस्थेच्या नावाने वर्गणी मागणारे खोटे पत्र पाठविले, तर तोच पहारेकरी आपल्याला हवा आहे.

आणि परत आलेली पत्रे याहूच्या पेटीत का आली नाहीत? कारण पाकिटावरचा परतीचा पत्ता आणि आतल्या मथळ्यावरचा पत्ता हे ई-मेलमध्ये दोन वेगळे असू शकतात. बाहेर सर्व्हरने स्वतःची पेटी घातली होती. टपाल पाकिटावरच्या पत्त्यावर परत जाते.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी नियम आणखी कडक केले. जीमेलच्या खात्यांवर पाठविणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दोन कड्यांपैकी निदान एक हवीच. दिवसाला ५००० किंवा अधिक पत्रे पाठविणाऱ्यांना तिन्ही हव्यात, 'माझे नाव काढा' अशी एका टिचकीची सोय हवी, आणि स्पॅम म्हणून तक्रार करणाऱ्यांचे प्रमाण ०.३ टक्क्यापर्यंत पोचू देता कामा नये, म्हणजे हजारात तीन. आपली संस्था एवढी पत्रे पाठवीत नाही हे खरे, परंतु हजारात तीन हा आकडा मनात ठेवण्याजोगा आहे. आपल्यापैकी कित्येक जण नको असलेले पत्र 'स्पॅम' म्हणून दाबून मोकळे होतात. आपल्याला ते नुसते झटकणे वाटते. यंत्राच्या लेखी ती फिर्याद असते. ओळखीच्या संस्थेचे पत्र नको असेल तर नाव काढावयास सांगावे, आणि आम्हीही ते राग न मानता काढावे. नाव काढा म्हणणारा माणूस संस्थेचा शत्रू नव्हे. (अनोळखी ठकाच्या पत्रातील असल्या बटणाला मात्र हात लावू नये, त्याला खुशाल स्पॅममध्ये टाकावे.)

शेजाऱ्यामुळे शिक्षा, हाही एक प्रकार आहे. कमी भाड्याच्या एका सर्व्हरवर अनेक संकेतस्थळे राहतात. त्यांतील एकाने स्पॅम पाठविला की सर्व्हरचा क्रमांकच काळ्या यादीत जातो. स्पॅमहाउस ही १९९८ पासून अशा याद्या ठेवणारी प्रसिद्ध संस्था आहे. एका खोलीतल्या भाडेकरूने बिल थकविले म्हणून सगळ्या चाळीचे पाणी तोडण्यासारखे हे आहे, आणि मला ते आजही पूर्णपणे पटलेले नाही. पण तक्रार करून यादीतून क्रमांक काढून घेता येतो, आणि शेजार बदलताही येतो.

आतापर्यंत परत आलेल्या पत्रांविषयी बोललो. परंतु सहाशेतून चारशे वजा केले तरी दोनशे उरतात. ती परत आली नाहीत, आणि उत्तरे मात्र बोटांवर मोजण्याइतकी आली. पलीकडच्या सर्व्हरने २५० म्हटले, म्हणजे पत्र उंबऱ्याच्या आत घेतले एवढेच. आत गेल्यावर ते समोरच्या कप्प्यात ठेवले, जाहिरातींच्या कप्प्यात, की स्पॅममध्ये, हे पाठविणाऱ्याला कोणी सांगत नाही. जीमेलमधील स्पॅमचा कप्पा ३० दिवसांनी आपोआप रिकामा होतो. त्यानंतर पुरावाही राहत नाही. आमच्या पत्राच्या विषयाची ओळ मोठ्या इंग्रजी अक्षरांत होती आणि पुढे तीन उद्गारचिन्हे होती. ती सूचना माझी होती. वर्गात आवाज चढविण्याची सवय लेखणीत उतरते, दुसरे काय! ज्यांना कधीच लिहिले नाही अशा सहाशे जणांना एकाच तासात, ओरडून, पैशाची मागणी करणारे पत्र गेले, तर यंत्राने काय समजावे?

तेव्हापासून आम्ही पद्धत बदलली. संस्थेच्या स्वतःच्या डोमेनवर पत्ता काढला. तिन्ही कड्या एका माजी विद्यार्थ्याने एका संध्याकाळी लावून दिल्या, त्याला फी द्यावी लागली नाही, चहा मात्र दोनदा झाला. परत आलेली पत्रे आता एका ठरलेल्या पेटीत येतात आणि दर शनिवारी मी ती वाचतो. ५.१.१ दिसला की पत्ता त्याच दिवशी यादीतून काढतो आणि त्या माणसाला फोन लावतो. मेलेल्या पत्त्यांवर पुन्हा पुन्हा पत्रे धाडणाऱ्याची पत जाते, शिवाय असे काही जुने पत्ते सापळा म्हणून मुद्दाम जिवंत ठेवलेले असतात. पत्रे थोडी थोडी करून पाठवितो. उत्तर देता येईल असाच पत्ता ठेवतो. ज्यांनी आपखुशीने पत्ता दिला त्यांनाच लिहितो. कोणा परिषदेच्या यादीतून उतरविलेले शंभरेक पत्ते होते, ते सगळे काढून टाकले. कार्यकारिणीत त्यावर बराच वाद झाला. यादी लहान झाली ही गोष्ट काही सभासदांना अजून रुचलेली नाही.

विद्यार्थी मित्रांनो, एक सावधगिरी. आपण कधी पाठविलेच नाही असे पत्र 'परत आले' म्हणून येऊ लागले, तर कोणी तरी आपले नाव मथळ्यावर घालून पत्रे पाठवीत आहे असे समजावे. आणि 'तुमची पत्रे अडकली आहेत, सोडवून घेण्यासाठी येथे पासवर्ड भरा' असे आले, तर ते मेलर-डीमनचे नव्हे, ठकाचे आहे. परत आलेले खरे पत्र कधीही पासवर्ड मागत नाही.

त्या कुवेतच्या गृहस्थांनी दुसऱ्या मुलीचा खर्च त्याच महिन्यात भरला आणि पहिलीसाठीही विचारले, पण सहामाही परीक्षा होऊन गेली होती. ती कला शाखेतूनच बारावी झाली. तिच्या वडिलांना मी सारी हकीकत सांगितली. ते शांतपणे म्हणाले, "सर, एक फोन करायचा होता." मजजवळ उत्तर नव्हते.

सभागृहाच्या दाराशी टेबलावर एक नोंदवही ठेवली आहे. नववीच्या मुली तेथे बसल्या आहेत. जाताना प्रत्येकाने आपला ई-मेल पत्ता सुट्या अक्षरांत लिहावा. मुली तो अक्षर-अक्षर करून आपल्याला वाचून दाखवतील, तेव्हा घाई करू नये. त्यांच्या हाती शाळेचा टॅब आहे. आपण उभे असतानाच त्या एक ओळीचे पत्र पाठवतील. ते आपल्या फोनवर आले की नाही, समोर आले की स्पॅममध्ये, हे तेथेच पाहून त्यांना सांगावे. ज्यांच्याकडे ई-मेल नाही त्यांनी फोन नंबर लिहावा, त्यासाठी शेवटचा रकाना ठेवला आहे.